बिऱ्हाडाची यादी

देश सोडून परदेशी बिऱ्हाड हलवायचं झालं, की कस्टमवाले सगळ्यांत आधी यादी मागतात. ताटं किती, चादरी किती, शिवणयंत्र आहे का, असलं तर कधी घेतलं. यातला ‘कधी घेतलं’ हा रकाना महत्त्वाचा. वापरातल्या सामानावर बहुतेक देश जकात घेत नाहीत किंवा नावापुरती घेतात. कोरं सामान दिसलं की ते विकायला आणलंय की काय, अशी शंका येते. नियम तसा वाजवीच. पण एका राजवटीने याच रकान्याचा फास केला, त्याची ही हकिकत.

हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आला, तेव्हा जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते. महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांतले निम्म्याहून अधिक देश सोडून गेले. त्यांनी जावं हीच तर सरकारची इच्छा. फक्त रिकाम्या हातांनी जावं. देश सोडणाऱ्यांवरचा कर हिटलरच्या आधीच्या सरकारने १९३१ सालीच बसवला होता, मोठ्या मालमत्तेचा चौथा हिस्सा. पूर्वी दोन लाख मार्कांवर मालमत्ता असली तर तो लागू होई. नाझींनी १९३४ मध्ये ही मर्यादा पन्नास हजारांवर आणली. बँकेतला पैसा गोठवलेला. रोख न्यायची ती माणशी दहा मार्क. मग उरलं काय? घरातलं सामान.

त्या सामानाची यादी अनेक प्रतींत परकीय चलन कार्यालयाकडे द्यावी लागे. तिचे भाग तीन: १९३३ पूर्वी घेतलेलं, त्यानंतर घेतलेलं आणि परदेशी जायचं म्हणून मुद्दाम घेतलेलं. जुनं बहुधा सुटे. नव्यावर मात्र ‘डेगो’ या सरकारी बँकेत पैसे भरावे लागत, पुढेपुढे तर वस्तूच्या किमतीइतके, कधी त्याहूनही जास्त. उष्ण देशात जायचंय म्हणून सुती सदरे शिवले, तर त्यांचे पैसे दोनदा मोजायचे, एकदा दुकानदाराला आणि एकदा सरकारला. सामान बांधताना कस्टमचा अधिकारी समोर हजर.

मी कविता लिहिणारा माणूस. याद्या वाचायची मला सवय आहे. आमच्याकडे लग्नात जहेजची यादी होते, शेजारच्या घरी रुखवत मांडतात. तिथे एकाचे दोन करून सांगायची हौस असते. इथे हातरुमालसुद्धा मोजून लिहिलेले, पायमोज्यांचे जोड, पातेली, मुलांची पुस्तकं. आणि प्रत्येकापुढे साल. आईने कधीतरी दिलेल्या दुलईचं साल कोण लक्षात ठेवतो? त्यांना ठेवावं लागलं.

फेब्रुवारी १९३९ मध्ये फर्मान निघालं. ज्यूंनी सोनं, चांदी, हिरे, मोती सरकारी गहाणवट केंद्रांत आणून द्यायचे. लग्नाची अंगठी, चांदीचं घड्याळ, जेवणाच्या चांदीच्या काट्याचमच्यांचे माणशी दोन वापरलेले संच, असं थोडंफार तेवढं ठेवायची मुभा.

मंजूर झालेलं सामान ‘लिफ्ट’ म्हणत त्या खोलीएवढ्या लाकडी खोक्यांत भरून हँबुर्ग, ब्रेमेनच्या बंदरांत जाई. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि हजारो खोकी धक्क्यावरच अडकली. काहींचे मालक आधीच परदेशी पोचले होते, काहींना निघताच आलं नाही. १९४१ पासून गेस्टापोने ही खोकी जप्त केली आणि त्यांचे जाहीर लिलाव झाले. बोली लावणाऱ्यांत बॉम्बहल्ल्यांत घर गमावलेले होते, तसे स्वस्तात मिळतंय म्हणून आलेलेही होते.

या लोंढ्यातली काही माणसं आपल्या मुंबईतही उतरली. त्यांच्या मदतीसाठी इथल्या ज्यूंची संस्था १९३४ पासून काम करत होती. त्याच वर्षी आलेला संगीतकार वॉल्टर कॉफमन चेकोस्लोव्हाकियातून निघाला, नाझी तिथे पोचायच्या आधी. त्याला ही यादी करावी लागली नाही. आकाशवाणीची ओळखधून त्याचीच म्हणून सांगतात.

युद्धानंतर या याद्यांचं पारडं फिरलं. पश्चिम जर्मनीत पन्नाशीच्या दशकात भरपाईचे कायदे झाले, तेव्हा जगलेवाचलेल्यांकडे पुरावा मागितला गेला. पियानो होता म्हणता, दाखवा. पियानो कुठून दाखवणार? पण ज्यांनी लुबाडलं त्यांच्याच कचेरीत, त्यांच्याच शिक्क्याची यादी पडून होती. जर्मन कारकून कागद सहसा टाकत नाही. पियानो, संख्या एक, खरेदीचं साल, किंमत, खाली सही.

हे कागद आज तिथल्या अभिलेखागारांत आहेत. ब्रेमरहाफेनच्या सागरी संग्रहालयातले अभ्यासक बंदरात अडकलेल्या खोक्यांचा माग काढतात. सामान कोणाचं होतं, लिलाव कुठे झाला, घेणारा कोण, हे जुळवून २०२३ पासून ते लोकांसाठी खुलं केलं आहे. कुणाच्या आजीचं कपाट कुणाच्या घरी गेलं, याचा शोध अजून चालू आहे.