आज्ञा एकाची, हालचाल दुसऱ्याची

गेल्या काही वर्षांत शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये पत्त्यांच्या जोडाएवढा एक निळसर बोर्ड दिसू लागला आहे. त्यावर मायक्रोकंट्रोलर असतो. गणन करणारा भाग, थोडीशी स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी टोके एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक म्हणजे मायक्रोकंट्रोलर. हा बोर्ड वायरने नेहमीच्या संगणकाला जोडायचा आणि पायथनसारख्या भाषेत एक ओळ लिहायची, की बोर्डाला जोडलेला दिवा लागतो. दुसरी ओळ लिहिली की विझतो. विद्यार्थ्यांना गंमत वाटते. अशा वेळी त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. दिवा नेमका कोणी लावला? संगणकाने की बोर्डाने?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काय करायचे हे ठरवणारा एक आणि ते प्रत्यक्ष करणारा दुसरा, ही विभागणी संगणकाहून बरीच जुनी आहे. ती समजून घेण्यासाठी आपण भायखळ्यापासून सुरुवात करू.

इंजिनघर आणि साचा खाते

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापसाची गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये चालू झाली. पुढे भायखळा, परळ, लालबाग हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे हवी होती. म्हणून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली, ती भायखळ्यातच. यंत्रविद्या आणि कापडनिर्मिती हे तिचे आरंभीचे प्रमुख विषय होते. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. आज आपण तिला वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, अर्थात व्हीजेटीआय, म्हणून ओळखतो.

त्या काळात यंत्रविद्या आणि कापडनिर्मिती शिकणाऱ्याला आपोआप चालणाऱ्या नियंत्रणाचे दोन अगदी वेगळे प्रकार समजून घ्यावे लागत.

पहिला प्रकार वाफेच्या इंजिनावरचा गव्हर्नर. जेम्स वॉटने तो १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवला. उभ्या फिरत्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असतात. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि त्यांना जोडलेली झडप वाफ कमी करते. वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि वाफ वाढते. हे काम क्षणोक्षणी चालते. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही आणि कोणी सांगावेही लागत नाही.

दुसरा प्रकार विणकामातला. नक्षीच्या कापडासाठी साच्यावर जकार्ड बसवतात. जोसेफ मारी जकार या फ्रेंच कारागिराने ही योजना १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडून त्यांची माळ ओवायची. बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक कार्ड. जिथे भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो आणि जिथे नसेल तिथे तो खाली राहतो. कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलते. साचा मात्र तोच. नक्षी ठरवण्याचे काम नक्षी विणण्याच्या कामापासून वेगळे झाले, ही त्यातली मोठी गोष्ट.

पण दोघांनाही मर्यादा होत्या. गव्हर्नर इंजिनाची अवस्था पाहून वागतो, मात्र त्याला दुसरे काम सांगता येत नाही. जकार्डला हवे ते सांगता येते, मात्र ताण्याचा धागा तुटला तरी कार्डाला त्याचा पत्ता नसतो. आज्ञा बदलता यावी आणि उत्तरही ऐकता यावे, असे दोन्ही गुण एकत्र येण्यास पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली.

उत्तर ऐकणारी भाषा

सुरुवातीचे संगणकही जकार्डच्याच चालीने वापरले जात. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. संपूर्ण आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवून मगच ती चालवायची, ही एक पद्धत झाली. दुसऱ्या पद्धतीत एक ओळ लिहिली की संगणक ती लगेच अमलात आणतो, परिणाम दाखवतो आणि पुढच्या ओळीची वाट पाहतो. ज्यांना आज स्क्रिप्ट भाषा म्हणतात, त्यांचा जीव या दुसऱ्या पद्धतीत आहे.

शिक्षकांना यातले एक नाव ठाऊक असेल. १९६७ मध्ये अमेरिकेत सीमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिच्या आज्ञेवर जमिनीवर चालणारे एक यांत्रिक कासव आले. "पुढे जा", "उजवीकडे वळ" असे लिहायचे आणि कासव काय करते ते पाहायचे. चूक झाली तर ओळ बदलायची. त्याच सुमारास चार्ल्स मूर यांनी फोर्थ ही भाषा घडवली आणि ॲरिझोनातील किट पीक येथील रेडिओ दुर्बीण तिच्या साहाय्याने चालवली. एकीकडे मुलांचे कासव, दुसरीकडे खगोलशास्त्रज्ञांची दुर्बीण. गरज मात्र एकच: यंत्राशी बोलता बोलता काम करण्याची.

खोडदच्या तीस दुर्बिणी

याचा भव्य नमुना आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकात महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. निरीक्षण करणारा शास्त्रज्ञ मध्यवर्ती केंद्रात आज्ञांची यादी तयार करतो. कोणत्या स्रोताकडे, किती वेळ, कोणत्या कंप्रतेवर. या आज्ञा प्रकाशतंतूंमधून अँटेनांपर्यंत जातात. प्रत्येक अँटेनापाशी स्वतंत्र संगणक आहे आणि त्याच्या हाताखाली मायक्रोकंट्रोलर असलेली छोटी कार्डे आहेत. अँटेना लक्ष्यावर धरून ठेवण्याचे क्षणोक्षणीचे काम तिथल्या तिथे होते. केंद्र "कुठे पाहायचे" एवढेच सांगते आणि "काय चालले आहे" हे विचारत राहते. गव्हर्नर आणि जकार्ड इथे एकत्र नांदतात.

पवईचा तापक

खोडदची यंत्रणा वर्गात आणता येत नाही. पण तेच तत्त्व टेबलावर मावेल अशा रूपात मुंबईतच साकारले. पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. कण्णन मौद्गल्य आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास एकाच बोर्डावरची तापक यंत्रणा तयार केली. तीत पोलादाची छोटी पट्टी, तिला तापवणारी नायक्रोमची तार, तापमान मोजणारा संवेदक, संगणकात असतो तसा पंखा आणि एक मायक्रोकंट्रोलर असतो. बोर्ड तापमान कळवतो. संगणकावर सायलॅब या विनामूल्य प्रणालीत लिहिलेली स्क्रिप्ट हिशोब करून तापक किती आणि पंखा किती, हे उलट कळवते. तापमान ४० अंशांवर स्थिर ठेवायचे, तर नियम कसा असावा? विद्यार्थी एक सूत्र लिहितो, आलेख पाहतो, सूत्र बदलतो. पुढे हे बोर्ड इंटरनेटवरून दूरच्या विद्यार्थ्यांनाही वापरता येतील अशी सोय करण्यात आली. त्याच संस्थेच्या फॉसी प्रकल्पाने आर्दुइनो बोर्ड सायलॅब, पायथन, ज्युलिया यांतून चालवण्याचे पाठही तयार केले.

आर्दुइनो हा २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ या गावी, मुख्यतः कला आणि रचनेच्या विद्यार्थ्यांसाठी जन्मलेला बोर्ड. त्यावर फर्माटासारखी एक ठरलेली आज्ञावली एकदाच भरून ठेवतात. तिचे काम एवढेच, की वायरीवरून आलेले छोटे संदेश वाचायचे आणि त्याप्रमाणे टोके चालू-बंद करायची किंवा मोजमाप परत पाठवायचे. म्हणजे बोर्ड झाला साचा आणि स्क्रिप्ट झाली कार्डांची माळ. मात्र ही माळ साच्याचे उत्तर ऐकून पुढचे कार्ड बदलू शकते.

तीन मिलिसेकंदांचा हिशोब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, वायरीवरून सेकंदाला ९६०० बिट जातात. एका अक्षराला आगे-मागे धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे, एका अक्षराला सुमारे १ मिलिसेकंद. तीन अक्षरांच्या संदेशाला ३ मिलिसेकंद लागले. १६ मेगाहर्ट्झच्या मायक्रोकंट्रोलरचे घड्याळ तेवढ्यात सुमारे ५० हजार ठोके टाकते! शिवाय संगणक त्याच वेळी इतर दहा कामांत गुंतलेला असतो, त्यामुळे आज्ञा थोडी उशिरा निघेल की बरीच उशिरा, याचीही खात्री नसते.

यावरून कामाची वाटणी आपोआप ठरते. जे झटपट आणि अचूक वेळेला व्हायला हवे, ते बोर्डाकडे. ज्याचा विचार करायचा आहे, जे पुन:पुन्हा बदलून पाहायचे आहे, ते स्क्रिप्टकडे. दिवा लावण्याचा निर्णय संगणकाचा, दिवा लावण्याची कृती बोर्डाची.

हे केवळ सोयीचे नाही, सुरक्षिततेचेही आहे. वर्गात दोन प्रयोग करून पाहावेत. एलईडीला २२० ओहमचा रोध जोडून तो स्क्रिप्टने लुकलुकवावा आणि लावण्या-विझवण्यातला अवकाश कमी करत जावा. एका मर्यादेनंतर लय बिघडते. मग हेच काम बोर्डावरच्या आज्ञावलीला द्यावे आणि फरक पाहावा. दुसरा प्रयोग असा: दिवा लागलेला असताना स्क्रिप्ट मधेच रोखून धरावी. दिवा तसाच लागलेला राहील, कारण "विझव" ही आज्ञा आलेलीच नाही.

आता दिव्याच्या जागी तापक आहे असे समजा. संगणक बंद पडला तर पट्टी तापतच राहील. म्हणून बोर्डावर एक नियम कायमचा असावा: ठरावीक वेळात संगणकाकडून काही आले नाही, तर तापक बंद. इंजिनाचा गव्हर्नर गिरणीच्या कचेरीत नव्हे, तर इंजिनावरच बसवलेला असे. त्यामागचे कारणही हेच.

आपल्याकडे संगणकाची खोली आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये बहुधा एक भिंत असते. एकीकडे मुले नुसते टंकलेखन करतात, दुसरीकडे तापमानाचे आकडे हाताने वहीत उतरवतात. स्क्रिप्टने चालणारा बोर्ड या भिंतीला दार पाडू शकतो. मात्र दिवा लागला म्हणून थांबू नये. तो कोणी लावला, आणि सांगणारा गप्प झाला तर काय होईल, हे विद्यार्थ्याला सांगता आले, तर तो नियंत्रणाचे शास्त्र शिकला असे म्हणता येईल.