हवा कुणाची मोजली जाते?



हवेला जात नसते, असे म्हणणारे खूप भेटतात. पण कुणी कुठे राहायचे हे ठरले, की कुणी कोणत्या हवेत श्वास घ्यायचा हेही ठरते. अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेलाच असावी, कारण ती दिशा सर्वांत अशुभ. हा नियम मोडणे गावाच्या लेखी गुन्हा होता, हे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे.

शहराने तरी काय वेगळे केले? मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ साली आला. तो धुराड्याच्या धुरासाठी होता; गिरणीच्या आत उडणारी कापसाची धूळ त्यात नव्हती. जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा 'विटाळ' होई. परळच्या चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या काळात उघडपणे मांडला.

देशाचा वायू प्रदूषण कायदा १९८१ चा. १९८७ च्या दुरुस्तीने सामान्य नागरिकालाही ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे हक्क कागदावर आहे. मग अडते कुठे?

अडते मोजण्यापाशी. शेजारच्या चंद्रपूरची हवा, पाणी, जमीन मोजली गेली. २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात त्याला ८३.८८ गुण मिळाले, म्हणून २०१० मध्ये नव्या प्रकल्पांच्या मंजुरीला स्थगिती देता आली. मुंबईतल्या माहुलच्या हवेपासून आरोग्याला धोका आहे, हे हरित लवादाने २०१५ साली मान्य केले. तरीही पुढे तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून गरीब कुटुंबे तिथेच पाठवली गेली. ती लढली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कुणालाही जबरदस्तीने माहुलला पाठवू नका, असे बजावले. त्या लढ्यामागेही हवेच्या नोंदींचे बळ होते.

आता आपल्या समुद्रपूरकडे या. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. त्याच्या यादीत चंद्रपूर, नागपूर, अमरावती आहेत. वर्धा जिल्ह्यातले एकही गाव नाही. जामच्या चौकात नागपूर–हैदराबाद महामार्गाचे ट्रक रात्रंदिवस धूर सोडतात. शेतात पऱ्हाट्या जळतात, चुलीतही पऱ्हाट्या-तुराट्याच जळतात. जिनिंगमध्ये रुईची धूळ उडते. चुलीपुढे आई असते, जिनिंगमध्ये रोजंदारीवरची मावशी. त्यांचा खोकला कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही.

जिथे मोजमाप नाही तिथे प्रदूषण 'नाही' असते. जातनिहाय जनगणनेची मागणी करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून तरुण मित्रांनो, येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाम आणि समुद्रपूरची हवा नियमित मोजावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ठरावाची पोच घ्या, उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. महाडला आपण कुणाकडे पाण्याची भीक मागितली नव्हती, हक्क बजावला होता. हवेचेही तसेच आहे.