सम्राटाचे शेवटचे गाव

स्पेनला जाणारे आपले यात्रेकरू आव्हिलाला जातात, लोयोला पाहतात, सवड असली तर सांतियागोपर्यंत पोचतात. आव्हिलाच्या दक्षिणेला ग्रेदोसची पर्वतरांग आहे. तिच्या पलीकडच्या उतारावर 'ला व्हेरा' नावाचा हिरवागार पट्टा पसरला आहे. तिकडे मात्र आपल्यापैकी फारसे कोणी वळत नाही. प्लासेन्सिया या बिशपांच्या नगरापासून पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर कुआकोस दे युस्ते हे गाव लागते. वस्ती हजाराच्या आत. लाकडी सज्जांची जुनी घरे, अरुंद बोळ, डोंगरातून खळाळत येणारे ओढे, ओक आणि चेस्टनटची राने, चेरी-अंजिराच्या बागा. आणि शरद ऋतूत सगळ्या शिवारावर धुराचा वास. हा धूर मिरच्या वाळवणाऱ्या कोठारांचा. युरोपभर नावाजलेली 'पिमेंतोन' ही तांबडी भुकटी याच खोऱ्यात तयार होते. खवय्ये प्रवासी तिच्यासाठी आणि येथल्या बकरीच्या चीजसाठी येतात. परंतु गावापासून दोनेक किलोमीटरचा चढ चढून गेले, की संत जेरोम यांच्या नावाने चालणाऱ्या व्रतस्थांचा जुना मठ दिसतो. कुआकोसची खरी कथा तेथे आहे.

३ फेब्रुवारी १५५७ रोजी या मठाच्या दारात एक वृद्ध पाहुणा येऊन उतरला. वृद्ध म्हणायचे ते देहाच्या अवस्थेवरून. वयाची सत्तावन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. संधिवाताने बोटे वाकडी झालेली, पाय जमिनीला टेकवणे कठीण. हा पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स. स्पेन, नेदरलँड्स, नेपल्स, मेक्सिको, पेरू एवढ्यांवर त्याची सत्ता चाललेली. २५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रुसेल्सच्या दरबारात त्याने राज्यत्यागाला आरंभ केला, पुढच्या वर्षी समुद्रमार्गे स्पेन गाठले आणि मरणाची वाट पाहण्यासाठी हे रान निवडले.

या माणसाचे आपल्या वसईशी एक दूरचे नाते आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली, तेव्हा लिस्बनच्या गादीवर तिसरा जॉन होता. या जॉनची बहीण इसाबेला ही चार्ल्सची सम्राज्ञी, आणि चार्ल्सची बहीण कॅथरिन ही जॉनची राणी. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. इसाबेला १५३९ मध्ये निवर्तली. चार्ल्सने पुन्हा विवाह केला नाही. तिचे शव ग्रॅनडाला पोचवणारा सरदार फ्रान्सिस बोर्जा पुढे येशूसंघात गेला आणि संतपदाला पोचला. तोच १५५६ च्या डिसेंबरात, युस्तेचे घर तयार होण्याची वाट पाहत चार्ल्स जवळच्या हारांदियाच्या गढीत थांबला असताना, त्याला भेटायला आला होता. राज्य सोडलेला राजा आणि सरदारकी सोडलेला व्रतस्थ, दोघे एकाच स्त्रीच्या मृत्यूने घायाळ झालेले.

मठाला लागून बांधलेले चार्ल्सचे घर आजही पाहायला मिळते. वर चार खोल्या, खाली चार. पायऱ्या चढता येत नसल्याने वर जायला उतरण बांधली होती. शयनगृहाच्या भिंतींवर काळे कापड. बिछान्यावर पडल्या पडल्या मंदिरातली मुख्य वेदी दिसावी अशी वाट भिंतीतून काढलेली; दुखण्याच्या दिवसांत तेथूनच तो पवित्र मिस्सात सहभागी होई. त्याने तिशियन या चित्रकाराचे 'ग्लोरिया' हे चित्र सोबत आणले होते. त्यात पवित्र त्रैक्यापुढे चार्ल्स आणि इसाबेला शुभ्र कफनीत हात जोडून आहेत. मूळ चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

आता त्याच्या ताटाविषयी. मुकुट सुटला, राजदंड सुटला, जीभ काही सुटली नाही. त्याच्यासाठी बिअर गाळणारा कारागीर सोबत आलेला. वायादोलिदहून लिस्बनला जाणाऱ्या साप्ताहिक जासुदाने वाट वाकडी करून इकडे यायचे, आणि शुक्रवारच्या उपासासाठी गुरुवारीच मासळी पोचवायची असा हुकूम होता. त्या काळी मध्यरात्रीपासून काही न खाता ख्रिस्तप्रसाद घेण्याचा नियम कडक होता. आपल्या आजी-आजोबांनीही तो पाळला. चार्ल्सने मात्र पोटाच्या तक्रारीमुळे आधी न्याहारी करण्याची सवलत पोप तिसरे ज्युलियस यांच्याकडून मिळवली होती. वैद्य पथ्य सांगत, कारभारी किहादा कपाळाला हात लावी, आणि ईलची रस्सेदार पुडी ताटात येई. त्याच्या जपून ठेवलेल्या बोटाची तपासणी काही वर्षांपूर्वी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हाडात युरिक आम्लाचे खडे आढळले. वैद्य खरे ठरले.

गावकऱ्यांना या पाहुण्याचे फारसे कौतुक नव्हते. कुआकोसच्या लोकांनी सम्राटाच्या गाई कोंडवाड्यात घातल्या, ओढ्यांतले त्याच्यासाठी राखलेले ट्राउट मासे परस्पर धरले, असे जुने वृत्तान्त सांगतात. चेरी चोरणाऱ्या एका पोरालाही त्यांनी दगड मारून पिटाळले म्हणतात. तो पोर किहादाच्या घरी राहणारा अकराएक वर्षांचा हेरोनिमो. तो चार्ल्सचाच अनौरस मुलगा, हे गावाला आणि खुद्द त्यालाही ठाऊक नव्हते. पुढे डॉन हुआन या नावाने ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या सागरी लढाईत ख्रिस्ती आरमाराचे नेतृत्व त्याने केले. पवित्र जपमाळेच्या राणीचा सण आपण त्याच तारखेला साजरा करतो.

चार्ल्सच्या खादाडपणाला हसून सोडून द्यावेसे वाटते. एक गोष्ट मात्र तशी सोडता येत नाही. १५५८ मध्ये वायादोलिदला प्रॉटेस्टंट विचारांचे काही लोक सापडले, तेव्हा याच शांत घरातून त्याने राज्य सांभाळणाऱ्या आपल्या मुलीला पत्रे धाडली: दयामाया नको, कठोर शिक्षा करा. दुसऱ्या वर्षी तेथे माणसे जाळण्यात आली. वेदीकडे उघडणाऱ्या त्या वाटेशेजारी बसून ही पत्रे लिहवून घेतली गेली, हे त्या खोलीत उभे राहणाऱ्याने विसरू नये.

ऑगस्टअखेर त्याने स्वतःच्या अंत्यविधीची मिस्सा जिवंतपणी करवून घेतली, असे मठाचे इतिहासकार लिहितात. घरच्या कारभाऱ्यांच्या पत्रांत तिचा उल्लेख नाही, म्हणून अभ्यासकांत मतभेद आहेत. मला मठवासीयांची कथा थोडी रंगवलेली वाटते. पुढचे मात्र निर्विवाद आहे. हिवतापाने तो अंथरुणाला खिळला आणि २१ सप्टेंबर १५५८ च्या पहाटे, इसाबेलाने मरताना हाती धरलेला क्रूस हाती घेऊन गेला. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने लिहिले होते, की आपला अर्धा देह वेदीखाली असावा, म्हणजे मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूचे पाय आपल्या डोक्यावर आणि छातीवर येतील. ती इच्छा फार दिवस टिकली नाही. १५७४ मध्ये मुलाने, दुसऱ्या फिलिपने, शव एल एस्कोरियालला नेले. १८०९ मध्ये फ्रेंच सैनिकांनी मठ पेटवला, १८३५ च्या सरकारी फर्मानाने व्रतस्थ हुसकले गेले. डागडुजीनंतर १९५८ मध्ये जेरोमचे व्रतस्थ परतले आणि पुढे त्यांच्या जागी पोलंडचे पॉलाइन व्रतस्थ आले.

मिरचीचे काय? चार्ल्सचे आजी-आजोबा फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या आश्रयाने कोलंबस अटलांटिकपार गेला आणि १४९३ मध्ये मिरची घेऊन परतला. वादळात बोललेला नवस फेडायला तो याच प्रदेशातल्या ग्वादालुपेच्या मठात गेला. तो मठही जेरोमच्या व्रतस्थांचा. तेथून बी युस्तेच्या मळ्यात आले, अशी या खोऱ्यातील परंपरा आहे. पोर्तुगीज जहाजांनी तीच मिरची सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरवली. गंमत अशी, की स्पॅनिश लोकांनी काळ्या मिरीच्या 'पिमिएंता' या नावावरून तिला 'पिमिएंतो' म्हटले, आणि आपणही मिरीच्या गोत्रातलेच नाव देऊन तिला मिरची केले.

उत्तर कोकणातील आपल्या घरांत एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या अंगणात उन्हात वाळतात, मग उखळात कुटून बाटली मसाला होतो आणि काळसर बाटल्यांत वर्षभर ठासून राहतो. ला व्हेराला ते ऊन लाभत नाही. तेथे मिरची पिकते तोच पावसाचे दिवस सुरू होतात. म्हणून दुमजली कोठारात खाली ओकची लाकडे मंद पेटवतात, वरच्या फळ्यांच्या फटींतून धूर चढतो आणि मिरची दहा-पंधरा दिवस त्यावर वाळते. नंतर दगडी जात्यात सावकाश दळतात. गोडी, मध्यम आणि तिखट असे तिचे तीन प्रकार. कुस्करलेल्या बटाट्यात, बकरीच्या कालवणात, डुकराच्या चोरिसोत ती पडते आणि चीजच्या सालीलाही चोळली जाते. वाळण्याच्या त्या पंधरवड्यात घरातले कोणीतरी रोज धुरात डोळे चोळत वर चढते आणि मिरच्यांचा सगळा थर हाताने खालीवर करून येते.