फ्रान्सिस, फिरंगी आणि पपई

बंगळूरच्या हातगाड्यांवर पपई मिळते ती 'परंगी हण्णु' या नावाने. हण्णु म्हणजे फळ आणि परंगी म्हणजे आपला फिरंगी. याच शहरात सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रल आहे. त्या संताच्या नावाचे आणि या फळाच्या नावाचे मूळ एकच.

फ्रँक ही जर्मानिक टोळी. तिच्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'फ्रान्सिस्कुस' झाले: फ्रँकांचा, पुढे फ्रान्सचा. असिसीच्या संताचे बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी. फ्रान्सहून परतलेल्या बापाने, कापडाच्या व्यापाऱ्याने, त्याला फ्रान्चेस्को केले असे सांगतात. इटालियन पोराला 'फ्रेंच' म्हणून हाक! तो १२२६ मध्ये वारला आणि हे नाव युरोपभर पसरले.

तिकडे धर्मयुद्धांच्या काळात अरबांच्या लेखी सगळेच पश्चिम युरोपीय 'फ्रँक' ठरले. तोच शब्द फारसीतून मराठीत फिरंगी होऊन आला आणि पोर्तुगिजांना चिकटला. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर असा दुहेरी फिरंगी.

युरोपी पात्याच्या तलवारीला मराठीत 'फिरंग' म्हणू लागले. १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याच्या नावातही हाच शब्द ऐकू येतो, आणि तो कुणाला खटकत नाही. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनासाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा मात्र त्यांच्या धर्मावरून विरोध झाला. 'सुबोध बायबल' मराठीत लिहिणारा हा माणूस काहींना परकाच वाटला.