अध्यापकांच्या गाऱ्हाण्यांची दाद

स्वीडन देशात १८०९ च्या राज्यघटनेने प्रजेची गाऱ्हाणी ऐकणारे एक स्वतंत्र पद निर्माण केले. त्याच धर्तीवर आपल्या राज्यात १९७१ च्या कायद्यान्वये लोकायुक्त आले. परंतु खाजगी शाळा-महाविद्यालयांतील अध्यापकाचे गाऱ्हाणे बहुधा सरकारविरुद्ध नसून संस्थाचालकांविरुद्ध असते. त्याने जावे कोठे? आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञातिबांधवांत अध्यापक पुष्कळ आहेत, तसे कार्यकारिणीवर बसणारेही आहेत. यास्तव हा विषय उभयतांच्या हिताचा होय.

खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा १५ जुलै १९८१ पासून अमलात आला आणि शाळा न्यायाधिकरण निर्माण झाले. बडतर्फ झालेल्या अगर पदावनत केलेल्या शिक्षकास तेथे अपील करता येते. मात्र आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत! विलंबास सबळ कारण दाखविल्यास तो क्षम्य ठरू शकतो. तथापि आमचा अनुभव असा की, 'अध्यक्षसाहेबांस भेटू, चार वडीलधाऱ्यांस मध्ये घालू' असे म्हणता म्हणता महिना सरतो. अपील मान्य झाल्यास न्यायाधिकरण पुनर्नियुक्ती व थकलेले वेतन देववू शकते. पुनर्नियुक्ती योग्य न वाटल्यास दहा वर्षे वा अधिक सेवा झालेल्यास बारा महिन्यांचे व इतरांस सहा महिन्यांचे वेतन देवविण्याची तरतूद आहे. मेहकर-लोणारकडील शिक्षकास याकरिता अमरावतीच्या खेपा घालाव्या लागतात, हे मात्र खरे.

महाविद्यालयांची गोष्ट किंचित निराळी. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले; तत्पूर्वी आपली महाविद्यालये नागपूरकडे होती. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने अपिलासाठी न्यायाधिकरण व इतर गाऱ्हाण्यांसाठी समिती, अशी विभागणी केली. परंतु त्या समितीत विद्यापीठाचेच पदाधिकारी बसत. २०१६ च्या कायद्याने तिचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशाहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या निवृत्त न्यायाधीशाकडे दिले, आणि शक्यतो तीन महिन्यांत निकाल लावावा असे म्हटले. आमच्या मते खरी सुधारणा हीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांतील लोकपाल विद्यार्थ्यांपुरताच आहे. अध्यापकांच्या वाट्यास ही समितीच येते.

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकांची अवस्था सर्वांत बिकट. वेतन थकले म्हणून त्यांनी तक्रार करावी, तर पुढील सत्राची नेमणूक त्याच संस्थाचालकांच्या हाती! आपल्या समाजातील कार्यकारिणी-सदस्यांनी आपल्या संस्थेपुरती तरी ही नेमणूक आणि तक्रार यांची फारकत करून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.