दाऊ (इंग्रजी सर्वनाम)

इंग्रजीतील द्वितीय पुरुषाचे जुने एकवचनी सर्वनाम. कर्त्याच्या जागी 'दाऊ', कर्माच्या जागी 'दी' आणि मालकी दाखवताना 'दाय' किंवा स्वरापूर्वी बहुधा 'दाइन' अशी त्याची रूपे होत. क्रियापदही त्याच्याबरोबर बदलत असे : 'आर'ऐवजी 'आर्ट', 'हॅव'ऐवजी 'हॅस्ट'. संस्कृत 'त्वम्' आणि मराठी 'तू' यांचे मूळ व दाऊचे मूळ एकच, इंडो-युरोपीय.

जुन्या इंग्रजीत भेद होता तो फक्त संख्येचा. एकाला दाऊ, मग तो राजा का असेना. अनेकांना 'यी' (कर्म असल्यास 'यू'). दोघांसाठी निराळे द्विवचनही होते, ते तेराव्या शतकात लोपले. त्याच सुमारास, फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने, मान्यवर व्यक्ती एकटी असली तरी तिला अनेकवचनाने संबोधणे रूढ होऊ लागले. दाऊच्या वाट्याला उरली मुले, नोकरचाकर, जिवलग माणसे आणि प्रार्थनेतला देव. साहजिकच पाणउतारा करायलाही ते कामी येई. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅलेवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारची बाजू मांडणाऱ्या एडवर्ड कोकने त्याला भर न्यायालयात दाऊ म्हटले, आणि आपण मुद्दाम तसे म्हणत आहोत हेही ऐकवले. शेक्सपिअरची पात्रे तर एकाच प्रवेशात यूवरून दाऊवर येतात. राग चढला की प्रेम दाटले, हे प्रसंगावरून ओळखायचे.

समोरच्याचा दर्जा नक्की ठाऊक नसेल तर यू म्हणण्यात धोका कमी. या सावधपणामुळे सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या शिष्ट बोलीतून दाऊ जवळजवळ हद्दपार झाले. जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथीयांनी मात्र सर्व माणसे समान या तत्त्वापोटी न्यायाधीशालाही एकेरीच हाक मारली आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे अनेक क्वेकर कर्त्याच्या जागीही 'दी'च वापरू लागले.

दाऊ हे भारदस्त, आदरार्थी रूप आहे, हा आजचा समज बायबलमुळे पसरला. विल्यम टिंडलच्या 1526 च्या नव्या कराराप्रमाणेच 1611 च्या किंग जेम्स आवृत्तीतही मूळ भाषांतले वचन पाळले आहे, त्यामुळे तिथे देवही दाऊ आणि सैतानही दाऊ. 1952 च्या सुधारित अमेरिकन आवृत्तीने ते देवाला उद्देशून बोलण्यापुरतेच ठेवले. 1989 च्या आवृत्तीत तेही गेले. यॉर्कशर आणि लँकेशरच्या बोलींत, विशेषतः जुन्या पिढीच्या तोंडी, ते 'दा' या रूपात टिकून राहिले. त्यात भारदस्तपणा औषधालाही नाही.