एकच ग्रंथ प्रमाण? गोरेशास्त्री, पंडिता रमाबाई आणि शब्दप्रमाणाचा प्रश्न

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं, की ख्रिस्ती धर्मशास्त्रातला हा वाद उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसांनी कशासाठी ऐकायचा? प्रश्न रास्त आहे. त्याला आमची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर शेजाराचं. आपल्या या पट्ट्यात देशभरातून माणसं आली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली उल्हासनगरची पायाभरणी झाली. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, इतर कारखाने आले, कामगार आले. त्यांच्याबरोबर त्यांची देवळं, दरबार, मशिदी आणि चर्चही आली. केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ साली कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणजे रविवारी सकाळी एकाच गावात एक कुटुंब शतकानुशतकांची उपासनापद्धती पाळत असतं आणि चार घरं पलीकडे दुसरं कुटुंब फक्त बायबल उघडून बसलेलं असतं. दोघंही ख्रिस्ती. मग प्रमाण कोणतं?

दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं. हा प्रश्न परका नाही. आपल्या दर्शनांत त्याला शब्दप्रमाणाचा प्रश्न म्हणतात. आणि एकोणिसाव्या शतकात दोन मराठी संस्कृत पंडितांनी तो ख्रिस्ती धर्मात शिरून नव्याने लढवला. त्यांची उत्तरं परस्परविरुद्ध निघाली. आज आपण मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलू.

आधी मूळ दावा नीट समजून घेऊ. १५१९ साली लाइपझिगच्या वादसभेत मार्टिन ल्यूथरला योहान एक या प्रतिपक्ष्याने कोंडीत पकडलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं, की पोप चुकू शकतो आणि चर्चच्या धर्मपरिषदाही चुकू शकतात. १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे तो याच भूमिकेवर ठाम राहिला. रोमन चर्चने ट्रेंटच्या परिषदेत ८ एप्रिल १५४६ रोजी उत्तर दिलं: पवित्र ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारायची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'केवळ ग्रंथ' म्हणजे 'ग्रंथ सोडून बाकी सगळं फेकून द्या' असं ल्यूथर म्हणत नव्हता. प्राचीन श्रद्धासूत्रं त्याला मान्य होती, धर्मपित्यांची वचनं तो आदराने उद्धृत करी. त्याचं म्हणणं एवढंच, की ही सगळी प्रमाणं दुय्यम आहेत, ती चुकू शकतात. न चुकणारं प्रमाण एकच, आणि संघर्ष झाला तर शेवटचा शब्द त्याचा.

ज्यांनी पूर्वमीमांसा थोडीफार वाचली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात हाच विचार आहे. श्रुती स्वतःप्रमाण. स्मृतीही प्रमाण, पण उसनं प्रमाण. तिच्या मागे एखादं वेदवचन असलं पाहिजे असं अनुमान करून आपण ती स्वीकारतो. प्रत्यक्ष श्रुतीशी तिचा विरोध आला की ती बाजूला ठेवायची. ल्यूथर आणि जैमिनी यांच्या जगांत कसलंही साम्य नाही, पण युक्तिवादाची ठेवण जवळजवळ तीच आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. मराठीत ख्रिस्ती विचार आला तो आधी बायबलच्या रूपाने आलाच नाही. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्यात बायबलची कथा आहे, पण ती सांगणारा पाद्री आहे, ऐकणारे नवख्रिस्ती आहेत, ते शंका विचारतात आणि पाद्री निरसन करतो. म्हणजे आपल्या पुराणश्रवणाचाच थाट. ग्रंथ लोकांपर्यंत येतो तो सांगणाऱ्याच्या तोंडून.

दोनशे वर्षांनी चित्र बदललं. १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरीने मराठी 'नवा करार' छापला. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि भाषांतरं, छापखाने, शाळा सुरू झाल्या. हे प्रोटेस्टंट होते. त्यांची पद्धत सरळ होती: माणसाला वाचायला शिकवा आणि पुस्तक हातात द्या. आता श्रोत्याचा वाचक झाला. आणि वाचक म्हटला की तो उलट प्रश्न विचारणारच.

नीळकंठशास्त्री गोरे १८२५ सालचे. घराणं कोकणस्थ, वास्तव्य काशीचं. मिशनऱ्यांना हरवण्यासाठीच ते वादात उतरले होते. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने ख्रिस्ती बाजूने ग्रंथ लिहिला तेव्हा या विशीतल्या शास्त्रीने संस्कृतात खंडन लिहिलं. पण वाद करता करता त्यांचंच मन पालटलं आणि १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव झालं नेहेम्या. पुढे त्यांनी षड्दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला, १८७० साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, आणि ते अँग्लिकन चर्चमधल्या परंपरावादी, कॅथलिक वळणाच्या पक्षाकडे झुकले.

त्यांच्यासारख्या तर्ककर्कश माणसाला परंपरेचा आधार का घ्यावासा वाटला? आमच्या मते याचं कारण त्यांच्या शास्त्रीपणातच आहे. ग्रंथ एक आणि टीकाकार अनेक, म्हणजे काय होतं हे त्यांनी काशीत पाहिलं होतं. तीच ब्रह्मसूत्रं, शंकराचार्य एक सांगतात, रामानुज दुसरं, मध्व तिसरं. सूत्रं स्वतः उठून कोणाच्या बाजूने साक्ष देत नाहीत. मग बायबल वाचून शंभर जणांनी शंभर पंथ काढले, तर नवल काय? अर्थ ठरवायला अखंड चालत आलेला संप्रदाय हवा.

आता दुसरी व्यक्ती. पंडिता रमाबाई, जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. वडिलांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना. लहानपणापासून तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हे कुटुंब फिरलं आणि दुष्काळात आईवडील, बहीण गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. ही साधी गोष्ट नव्हे. पुराणं मुखोद्गत असलेल्या या विदुषीला वेदाचा अधिकार मात्र स्त्री म्हणून नव्हता. पुढे १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिलं, की धर्मशास्त्रं वाचताना त्यांना ती सगळ्या बाबतींत परस्परविरोधी दिसली. एकमत होतं ते फक्त स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनत्वाबद्दल.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या अँग्लिकन मठात २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे फादर गोरे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे त्या मोकळेपणाने सांगत. आणि इथून गंमत सुरू होते. ज्यांच्या युक्तिवादाने त्या ख्रिस्ती झाल्या, त्यांच्या मार्गाने मात्र त्या गेल्या नाहीत.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील त्यांच्या शिक्षिका. या दोघींशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. जरूर वाचावा. त्यात त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका आहेत, कुमारीजन्मावर शंका आहेत, अथानेशियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धासूत्रावर आक्षेप आहेत. रमाबाईंचा मुद्दा थोडक्यात असा: मी बायबल मानते, ख्रिस्ताला मानते, पण जे बायबलात स्पष्ट नाही ते चर्च सांगतं म्हणून मी का मानावं? १८८५ सालच्या एका पत्रात त्यांनी साफ कळवलं, की मोठ्या कष्टाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जू मानेवरून काढलं आहे. आता तसलंच दुसरं जू चढवून घेण्याची माझी तयारी नाही.

सिस्टर जेराल्डिनना यात अहंकार दिसला. शिष्येने गुरुपरंपरेपुढे नम्र व्हावं, ही त्यांची अपेक्षा. पण गंमत पाहा, अँग्लिकन चर्चच्या स्वतःच्या ३९ कलमांपैकी सहावं कलम हेच सांगतं, की पवित्र ग्रंथातून जे सिद्ध होत नाही ते तारणासाठी आवश्यक म्हणून कोणावर लादू नये. रमाबाईंची मागणी त्या कलमाबाहेरची नव्हती.

आणि हा वाद केवळ सिद्धान्तांचा नव्हता. चेल्टनहॅमला रमाबाईंनी तरुण मुलग्यांना शिकवावं असा प्रस्ताव आला, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा बभ्रा होईल म्हणे. रमाबाईंनी विचारलं, की माझ्या देशात मी पुरुषांच्या सभांतून बोलले आहे, मग इथे काय आडवं येतं? क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असाही त्यांचा आग्रह होता. प्रमाणाचा प्रश्न व्यवहारात असा उतरतो. 'चर्च सांगतं' म्हणजे प्रत्यक्षात कोण सांगतं? त्या काळी बहुधा एक इंग्रज पुरुष सांगत होता. अशा वेळी उघडा ग्रंथ हा दुबळ्या माणसाचा आधार होतो. त्याला म्हणता येतं, की दाखवा, हे कुठे लिहिलंय?

मग आपला निवाडा काय? रमाबाई बरोबर आणि गोरे चूक? इतकं सोपं नाही. तर्काच्या बाजूने पाहू.

'केवळ ग्रंथ' या दाव्यापुढे पहिली अडचण ग्रंथाच्या यादीची. बायबल हे अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. त्यात कोणती पुस्तकं घ्यायची याची यादी त्यातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं अथानेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात प्रथम नेमकी तशी मोजलेली आढळतात. जुन्या करारातल्या काही पुस्तकांबद्दल तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आजही एकमत नाहीत. म्हणजे ग्रंथाची सीमा समाजाने ओळखली. आपल्याकडे नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा कोणती ओवी माउलींची आणि कोणती मागाहून घुसलेली, हे ओळखणारा जाणता लागलाच ना?

दुसरी अडचण अर्थाची. त्यासाठी लांब जायला नको, अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊ. तिथला शिलालेख दगडात कोरलेला आहे, बदलणारा नाही. तरीही सुरुवातीला त्यातला शक ७८२ असा वाचला गेला आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो ९८२ असा दुरुस्त केला. म्हणजे इसवी सन १०६०. फरक दोनशे वर्षांचा! दगड चुकला नव्हता, वाचणारा चुकला होता. ग्रंथ अचूक मानला, तरी वाचणारा अचूक आहे असं त्यातून निघत नाही.

पण आता पलीकडच्या बाजूने बघा. शिलालेखाचं वाचन दुरुस्त कशामुळे झालं? दगड जागेवर होता म्हणूनच. आधीच्या विद्वानाचा मान मोठा म्हणून ७८२ च धरून बसायचं ठरलं असतं, तर चूक कायमची झाली असती. आणि चर्च अचूक, हे कशावरून? बायबलातल्या वचनांवरून, असं उत्तर मिळतं. मग बायबल कशावरून? चर्चने सांगितलं म्हणून. आपले नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. ईश्वर प्रमाण वेदावरून आणि वेद प्रमाण ईश्वरावरून, असं म्हणणाऱ्यांना मीमांसकांनी याच दोषात पकडलं होतं. सुजाण कॅथलिक यातून सुटण्यासाठी इतिहासाचा आधार घेतो, हे मान्य; पण इतिहास तपासायचा म्हटला की तपासणारा वाचक पुन्हा दारात उभा राहतो. तेव्हा दोन्ही पक्षांना अचूकतेचा शेवटचा खुंटा शुद्ध तर्काने रोवता आलेला नाही. श्रद्धा तिथे पाऊल टाकते. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं एवढंच सांगू शकतो, की ते पाऊल कुठे टाकलं जातं.

रमाबाईंना वाचनाची ही अडचण उमगली असावी, असं त्यांच्या उत्तरायुष्यावरून आम्हाला वाटतं. १८८९ साली परत येऊन त्यांनी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. आणि मग, हजारेक माणसांचा संसार चालवताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला ती कळणार नाही, आणि जुन्या अर्थांची पुटं असलेले शब्द तिची दिशाभूल करतील, असं त्यांचं मत. म्हणून मुळावरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल त्यांनी नव्याने केलं. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या मुली-बायकाच खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं.

यात एक पेच आहे आणि तो लपवू नये. भाषांतर म्हणजेच अर्थ लावणं. प्रत्येक शब्द निवडताना रमाबाई तेच करत होत्या जे परंपरा करते. केडगावच्या मुलीच्या हाती आलेला ग्रंथ हा रमाबाईंनी वाचलेला ग्रंथ होता. 'केवळ ग्रंथ' निखळ स्वरूपात कोणाच्याच हाती येत नाही. फरक एवढाच, की या भाषांतरकर्तीने वाचकाला अक्षर शिकवलं आणि पुस्तक त्याच्याकडे सोपवलं. उद्या त्यातली कोणी रमाबाईंचीही चूक काढू शकली असती.

जाता जाता उल्लेख करतो, की आता कॅथलिकही या बाबतीत मागे राहिलेले नाहीत. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने श्रद्धावंतांना बायबल वाचण्याचा आग्रह केला, आणि आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' मराठीत सिद्ध केलं, टिपांसह. टिपा म्हणजे परंपरा. पण मूळ मजकूर समोर असल्याने वाचक दोन्ही ताडून पाहू शकतो.

आमचं मत सांगून थांबतो. ग्रंथ हे एकमेव अचूक प्रमाण आहे का, याचं उत्तर ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेने देईल. बाहेरच्याने ते देऊ नये. पण त्या दाव्यात एक मागणी दडलेली आहे, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे: ज्याच्या नावाने माझ्यावर हुकूम चालवला जातो, ते मला वाचायला मिळालं पाहिजे. गोरेशास्त्री आठवण देतात, की एकट्याने वाचलेलं चुकू शकतं, आधीच्यांना विचारा. रमाबाई आठवण देतात, की विचारा जरूर, पण पुस्तक हातातून सोडू नका. उल्हासनगरच्या दरबारात गुरू ग्रंथसाहिबापुढे बसणाऱ्याला, अंबरनाथच्या मंदिरात पोथी ऐकणाऱ्याला आणि बदलापूरच्या चर्चमधल्या माणसाला, तिघांनाही हे दोन्ही सल्ले लागू पडतात.

आता तुमचे प्रश्न.